द्राक्षातली साखर, श्वासातले कीटोन

कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे जुन्नर तालुक्यातले गाव. हा तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे आणि बारावीच्या रसायनशास्त्रातला अल्डिहाइड-कीटोनचा धडा द्राक्षाच्या एका मण्यातही सापडतो.

पिकलेल्या द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा जवळपास सारख्या प्रमाणात असतात. दोन्हींत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू. फरक आहे तो कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या, म्हणजे कार्बोनिल गटाच्या जागेचा. तो साखळीच्या टोकाला असला तर अल्डिहाइड, ग्लुकोज त्यातले. दोन कार्बनच्या मध्ये असला तर कीटोन, फ्रुक्टोज त्यातले.

बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात ग्लुकोज घालून तापवले, की विटकरी साका बसतो. ग्लुकोमीटर घरोघरी येण्यापूर्वी मधुमेहींच्या लघवीतली साखर अशीच तपासत.

मधुमेहात कीटोनही महत्त्वाचे ठरतात. इन्सुलिन फारच कमी पडले, की रक्तात ग्लुकोज भरपूर असूनही स्नायूंना ते नीट वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळते आणि यकृतात तीन पदार्थ तयार होतात : अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोन. यांना ‘कीटोन बॉडीज’ म्हणतात. उपवासातही ते थोडे वाढतात, पण निरोगी माणसात इन्सुलिन त्यांना आवर घालते. तो आवर सुटला, की रक्त आम्लधर्मी होते. हा ‘कीटोअ‍ॅसिडोसिस’ जिवावर बेतू शकतो.

यातले अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातला पदार्थ, सहज उडून जाते आणि श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो. सोबत खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास किंवा गुंगी असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. लहान मुलांत टाइप १ मधुमेहाची ही पहिलीच खूणही असू शकते. केवळ पोट बिघडले असे समजून वेळ घालवू नये.

लघवीची पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमुळे जांभळी होते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मात्र नावापुरतेच कीटोन. त्यात कीटोन गट नसतो, म्हणून ते पट्टीवर दिसत नाही. या आजारात नेमके तेच सर्वाधिक वाढते. त्यामुळे पट्टीचा रंग फिका असला तरी लक्षणे दिसत असताना निर्धास्त राहू नये. रक्ताची तपासणी हवी. आणि आजारपणात जेवण जात नाही म्हणून डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन कधीही बंद करू नये.