तीन पॉलिसी आणि एक टिक

गाडीचा आहे, घराचा आहे, आई-बाबांचाही आहे... विम्याच्या बाबतीत आपण फुल्ल टू सेफ, असं तुम्हालाही वाटतंय का? मलाही वाटायचं!

'विमा काढलायस का?' असं कोणी विचारलं की मी जरा ऐटीतच सांगायचे, 'एक नाही, तीन-तीन आहेत!' ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा डायलॉग मारला की समोरचे गप्प. बाकीच्यांची मजल मार्चमधल्या टॅक्स सेव्हिंगपलीकडे जात नव्हती. मी मात्र चौतिसाव्या वर्षी गाडी, घर आणि आई-बाबा असं सगळं 'कव्हर' करून बसले होते. तेही स्वस्तात! कुठे किती पैसे वाचवले हे सांगताना मला कोण आनंद व्हायचा.

मग जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या आठ महिन्यांत तिन्ही पॉलिसींची परीक्षा झाली. निकाल काय? दोन नापास, आणि तिसरी तर परीक्षेला बसलेलीच नव्हती.

सेल मारला आणि...

२५ जुलै २०२४. पुणेकरांना ही तारीख सांगायला नको. पावसाचा कहर, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी आणि सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांमध्ये शिरलेली मुठा. मी तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे घर कोरडं. पार्किंगमधली माझी छोटी हॅचबॅक मात्र सीटपर्यंत बुडालेली. दुपारी पाणी ओसरलं तशी मी खाली धावले आणि कोणीही करेल तेच केलं. 'बघू तरी चालू होते का' म्हणत किल्ली फिरवली.

वर्कशॉपमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून एकच प्रश्न विचारला, 'मॅडम, सेल मारलात का?' मी हो म्हटलं आणि त्याने मान हलवली. इंजिनात पाणी असताना सेल मारला की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो. पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेयरचं म्हणणं सरळ होतं. पुराने सीट, वायरिंग खराब झालं ते पॉलिसीत बसतं. इंजिन गेलं ते तुमच्या किल्लीमुळे, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्शन' हे वेगळं ॲड-ऑन लागतं.

ते ॲड-ऑन माझ्याकडे होतं... आदल्या वर्षीपर्यंत! रिन्यूअलच्या वेळी मी वेबसाइटवर सगळे भाव चढत्या क्रमाने लावले, सगळ्यात वरच्यावर क्लिक केलं आणि नको त्या टिका काढून टाकल्या. वाचले चौदाशे रुपये. इंजिनाचं बिल आलं ८४ हजार. शिवाय 'झीरो डेप'ही काढलेलं, त्यामुळे बदललेल्या प्लास्टिक-रबरी पार्ट्सचे निम्मेच पैसे मिळाले.

भिंती कुणाच्या?

त्या रात्री झोप येईना. म्हटलं, घराची फाइल तरी बघू. पूर म्हणजे काय ते आमच्या घराला नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आमच्या गावभागातल्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं होतं. आईची चाळीस वर्षांची भांडीकुंडी, बाबांची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. 'विमा होता का हो?' असं प्रत्येक जण विचारायचा आणि बाबा नुसते हसायचे. म्हणूनच पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा लोन देणारा बँकेतला मुलगा म्हणाला, 'मॅडम, इन्शुरन्स त्यातच जोडून देतो, कम्पल्सरीच असतं,' तेव्हा मी आनंदाने सही केली. १ लाख १० हजारांचा एकरकमी प्रीमियम, तोही लोनमध्येच मिळवलेला. म्हणजे वीस वर्षं त्याच्यावरही व्याज!

रात्री दोन वाजता ती पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली. ती घराची नव्हतीच. ती माझी होती. मी मेले तर बँकेचं लोन फिटणार होतं. आग, पूर, भूकंप, चोरी, यातलं काहीही त्यात नव्हतं. वाईट पॉलिसी नव्हे ती, पण मला वाटत होतं ती नक्कीच नव्हे. आणि अमुक एका कंपनीकडूनच विमा घ्या, अशी सक्ती बँक करू शकत नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

गंमत म्हणजे तिघांत खरोखर स्वस्त असतो तो घराचाच विमा. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. जागेचा बाजारभाव त्यात धरत नाहीत, फक्त पुन्हा बांधायला येईल तो खर्च. त्यामुळे ऐंशी लाखांच्या माझ्या फ्लॅटचा विमा वीस लाखांचाच निघाला आणि वर्षाचा प्रीमियम दोन हजारांच्या आत! आमच्या ऑफिसात पिझ्झा पार्टीला एवढे जातात.

ती एक टिक

आता तिसरी. हिच्याबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ऑक्टोबर २०२०. कोविडच्या धसक्याने मी आई-बाबांची हेल्थ पॉलिसी काढली. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ते बसत नव्हते. एजंट घरी आला होता. फॉर्म भरताना प्रश्न आला, 'रक्तदाब आहे का?' बाबांना बी.पी.ची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. एजंट म्हणाला, 'कंट्रोलमध्ये आहे ना? मग लिहू नका. उगाच प्रीमियम चढेल. सगळे असंच करतात.' वर्षाला पाच हजारांचा फरक होता. मी 'नाही'च्या चौकटीत टिक केली. बाबा सांगलीत होते. मी फॉर्म पाठवला, त्यांनी न वाचता सही करून परत पाठवला. लेकीने भरलेला फॉर्म कोण वाचतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात माझ्याकडे आलेले असताना बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रात्री ॲन्जिओप्लास्टी झाली. सकाळी कॅशलेसच्या डेस्कवर उत्तर आलं : नामंजूर. भरती करून घेताना ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं होतं आणि बाबांनी शुद्धीवर असताना नीट सांगितलं होतं, 'बी.पी. आहे, दहा वर्षं झाली.' केसपेपरवर तसं लिहिलेलं. फॉर्मवर मात्र 'नाही'. माहिती लपवली म्हणून क्लेम फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. मी तक्रार करायला बसले, पण कशाच्या जोरावर करणार? टिक माझीच होती.

नंतर एक नियम वाचनात आला आणि हातपाय गळाले. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षांची झाली. आमचे ५२ महिने भरले होते.

बिल ३ लाख ४० हजार. बाबांनी एफ.डी. मोडली. मी चिडून काहीतरी बोलले तेव्हा ते साधेपणाने म्हणाले, 'अगं, डॉक्टरांनी विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांशी कोणी खोटं बोलतं का?'

मी मान खाली घातली. टिकबद्दल मात्र बोलले नाही.

परवडणं म्हणजे काय?

त्यानंतर नवी पॉलिसी शोधताना तीन कंपन्यांनी सरळ 'नाही' म्हटलं. ६५ नंतर नवी पॉलिसी मिळणार नाही ही अडचण कागदावर २०२४ मध्ये संपली, पण स्टेंट बघून नाही म्हणायचा हक्क कंपनीकडे आहेच. चौथीने घेतलं. दोघांचे वर्षाला ६८ हजार, हृदयविकारासाठी तीन वर्षं थांबा, आणि २० टक्के को-पे, म्हणजे बिलातले शंभरातले वीस आपले. माझा दीड महिन्याचा ई.एम.आय. झाला हा! २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. गेला, तेवढाच दिलासा. आणि ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, असं विमा नियामक 'इर्डाई'ने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावलंय.

विमा महाग आहे, त्याबद्दल कंपन्यांशी भांडायलाच हवं. पण मी जो 'स्वस्त' घेतला होता, तो शेवटी सगळ्यात महाग पडला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून माझ्या खर्चाने शिकलेले काही फंडे :

● पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा 'फ्री लुक' असतो. तेवढ्यात वाचा. पटली नाही तर परत करता येते.

● हेल्थ पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा बघा. तीन हजारांची मर्यादा असताना सहा हजारांची रूम घेतलीत, तर फक्त भाडंच नाही, डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते.

● ऑफिसची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. तिशीत, धडधाकट असतानाच स्वतःची काढा.

● गाडीचा 'नो क्लेम बोनस' तुमचा असतो, गाडीचा नाही. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र गेला.

● गाडी पाण्यात गेली तर किल्लीला हात लावू नका. टो करून न्या.

● क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यातही ऑफिस आहे. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. फक्त एक वर्षाच्या आत जा.

नव्या पॉलिसीचा फॉर्म या वेळी मी बाबांच्या शेजारी बसून भरला. कंपनीचा डॉक्टर फोनवर प्रश्न विचारत होता आणि बाबा एकेक गोष्ट नीट सांगत होते : बी.पी., स्टेंट, पस्तिशीत झालेली कावीळसुद्धा! फोन ठेवल्यावर मी त्यांना त्या जुन्या टिकबद्दल सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'सही तर माझीच होती ना? वाचायला हवा होता मी.'

एफ.डी. मोडली तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते.