भय आणि साहस : पडद्यामागचा विचार

ज्यानें जन्मभर मुलांना शुद्धलेखन आणि अंकगणित शिकविलें, अशा निवृत्त मास्तरानें भुतांच्या आणि मारामारीच्या चित्रपटांवर बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. परंतु भय कसें उत्पन्न होतें याचा पहिला धडा मला चित्रगृहांत मिळाला नाहीं. तो आमच्या बोर्डीच्या समुद्रकांठीं, सुरूच्या बनांत मिळाला. त्या धड्याची फी मात्र एका लहान मुलाला भरावी लागली. म्हणून आरंभ तेथूनच करतों.

चाळीसएक वर्षांपूर्वीं, मी नवशिका शिक्षक असतांना, वसतिगृहांतील मुलांना घेऊन एका रात्रीं किनाऱ्यावर गेलों होतों. मुलांनीं भुताची गोष्ट मागितली. मीं ती मोठ्या हौसेनें रंगविली. उलटे पाय, लांब नखें, लाल डोळे, कांहीं म्हणून शिल्लक ठेविलें नाहीं. मुलें खो खो हसूं लागलीं. माझा हिरमोड झाला, आणि पुढें काय सांगावें हें न सुचून मी गप्प बसलों. झाडांतून वाऱ्याचा सूं सूं आवाज तेवढा येत होता. इतक्यांत मागें कोठें तरी एक वाळकी फांदी मोडली. क्षणापूर्वीं हसणारीं तींच मुलें एकमेकांना बिलगलीं. वर्णनानें जें साधलें नव्हतें तें मौनानें साधलें! मला गंमत वाटली, आणि कांहीं एक खुलासा न करतां मी सर्वांना परत घेऊन आलों. त्यांतील सर्वांत लहान मुलगा पुढें पंधरा दिवस रात्रीं अंगण ओलांडून बाहेर जाईना. त्याची आई मला भेटावयास आली व एवढेंच म्हणाली, "गुरुजी, भीति घातलीत, काढायला मात्र विसरलांत."

पुढें चित्रपट पाहतांना आणि दिग्दर्शकांविषयीं वाचतांना त्या माउलीचें वाक्य मला वारंवार आठवत गेलें. भीति घालणें आणि ती काढणें, या दोन्ही क्रियांचें शास्त्र आहे.

दिग्दर्शकापुढील पहिला प्रश्न असा कीं, दाखवावें किती आणि झांकावें किती? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांत भीमानें केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब आणि उग्र वठला होता कीं, त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. याच पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले व्ही. शांताराम यांनीं १९३४ सालीं प्रभात कंपनीचा 'अमृतमंथन' काढला. बळी देण्याची चाल राजानें बंद केली म्हणून राजाच्याच जिवावर उठणारा राजगुरु त्यांत आहे. हिंदी आवृत्तींत ही भूमिका चंद्रमोहन यांनीं केली. शांतारामांनीं दूरचें दृश्य जवळ ओढणारें भिंग लावून या राजगुरूचा केवळ एक डोळा पडदाभर दाखविला. हत्यार नाहीं, रक्त नाहीं. तरी अंगावर कांटा उभा राहतो. वधाचें दृश्य पाहतांना आपला डोळा काम करतो व मन स्वस्थ बसतें. तो एकच डोळा पाहतांना मात्र, हा मनुष्य आतां काय करील, हें चित्र ज्याचें त्यालाच मनांत काढावें लागतें. आणि स्वतःच्या मनानें काढलेल्या चित्रासारखें भयंकर चित्र दुसरें नाहीं.

दुसरा प्रश्न वेळेचा. आल्फ्रेड हिचकॉक या इंग्रज दिग्दर्शकानें तो एका दृष्टान्तानें उलगडून सांगितला आहे. दोन माणसें टेबलाशीं बोलत बसलीं आहेत आणि एकाएकीं खालचा बाँब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. परंतु बाँब तेथें आहे हें प्रेक्षकाला आधींच दाखविलें, आणि माणसें बेसावधपणें गप्पा मारीत राहिलीं, तर तेंच संभाषण असह्य होईल. आपल्या भाषेंत दचका आणि धास्ती हे शब्द वेगळे आहेत, ते उगीच नव्हेत. वर्गांत मास्तरानें एकदम छडी आपटली तर मुलें दचकतात; पण सोमवारीं सांगितलें कीं शुक्रवारीं निकाल आहे, तर चार दिवस कोणाला जेवण गोड लागत नाहीं!

आतां साहसपटाकडे वळूं. वरवर पाहतां येथें सारेंच उघड असतें; धांवणें, उड्या, ठोसे. पण धास्तीचा नियम येथेंही तोच. वाडिया मूव्हीटोनच्या 'हंटरवाली' या १९३५ सालच्या चित्रपटानें नादिया ही नायिका घरोघर पोंचली, आणि दुसऱ्याच वर्षीं 'मिस फ्रंटियर मेल' मध्यें ती धांवत्या आगगाडीच्या टपावर लढली. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक होमी वाडिया. धाडसाचीं कामें नादिया स्वतः करी. त्यामुळें टपावरची ती बाई खरोखरीची आहे आणि तोल गेला तर खरोखरीच पडेल, हें प्रेक्षकाला कळत असे. हल्लीं नटाला तारेनें बांधून उडवितात व ती तार मागाहून संगणकानें पुसून टाकतात. त्यांत नटाचा जीव सुरक्षित राहतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु उडणाऱ्या देहाला वजनच उरलें नाहीं तर आपणही त्याची काळजी सोडून देतों. शिवाय दिशा सांभाळावी लागते. नायक एका तुकड्यांत डावीकडून उजवीकडे धांवत असेल आणि पुढच्याच तुकड्यांत कारणावांचून उलट धांवूं लागला, तर कोण कोणाच्या मागें लागला आहे हेंच समजत नाहीं. ज्याला काय चाललें आहे तें समजत नाहीं, त्याला भीतिही वाटत नाहीं. नुसता गोंगाट ऐकूं येतो.

तिसरी गोष्ट नियमांची. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या २०१८ सालच्या हिंदी चित्रपटांत पिठाचें रिंगण आंखून आंत बसणाऱ्याला हस्तर शिवूं शकत नाहीं. हा नियम कळतांच आपण त्या पांढऱ्या रेघेवरून दृष्टि हलवीत नाहीं. पुढें संकट येतें तें नायकाचा लोभ वाढत गेल्यामुळें, म्हणून ती गोष्ट मनांत रुतून बसते. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या 'झपाटलेला' मध्यें एका गुंडाचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. रामदास पाध्ये यांनीं घडविलेला हा तात्या विंचू भुवयांच्या मध्यभागीं गोळी लागल्यावांचून मरत नाहीं. पण कोठारे यांनीं आणखी एक गोष्ट केली. भयाच्या शेजारीं लक्ष्मीकांत बेर्डे यांना आणून बसविलें. मूल किंचाळतें, आणि ती किंकाळी विरते न विरते तोंच हसतें. भीति घातली गेली आणि काढलीही गेली!

घरांतील मुलांना असे चित्रपट दाखवावे कीं नाहीं, असें पालक मला विचारतात. मी म्हणतों, वय पाहून दाखवावे, पण शेजारीं बसून. आणि चित्रपट संपल्यावर दिवा लावून त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे. दिग्दर्शकानें काढावयाची राहिलेली भीति घरच्या माणसांनीं काढली पाहिजे.

त्या आईच्या भेटीनंतर मींही तेंच केलें. संध्याकाळीं कंदील घेऊन मी त्या मुलाला पुन्हा सुरूच्या बनांत नेलें व एक वाळकी फांदी त्याच्या हातीं दिली. त्यानें ती मोडली. तोच आवाज! तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग दुसरी फांदी उचलून त्यानें तीही मोडली, मग तिसरी. परततांना कंदील त्याच्या हातांत होता, आणि तो माझ्यापुढें चालत होता.