जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी



दहा-बारा वर्षे वापरलेला घरचा संगणक एके दिवशी सुरू होईनासा झाला, की घरात पहिले वाक्य ठरलेले असते : "आता नवाच घ्यावा लागणार." दुकानदारही बहुधा तेच सांगतो. जुन्या यंत्राशी दोन तास झटून त्याच्या पदरात जे पडते, त्याहून नवे यंत्र विकण्यात अधिक पडते. परंतु पगारावर घर चालविणाऱ्या माणसाने हा निर्णय दुकानाच्या काउंटरवर उभे राहून घेऊ नये. टेबलावरचा संगणक ही एकजिनसी वस्तू नाही. सायकलीप्रमाणे तो सुट्या भागांचा जोड आहे, आणि ट्यूब फुटली म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून आधी हिशेब सांगतो. आयकराच्या नियमांत संगणकाचा घसारा दरसाल ४० टक्के धरतात. त्या दराने ५० हजारांचा संगणक दहा वर्षांनी वहीत जेमतेम ३०० रुपयांचा उरतो. वहीतला आकडा काहीही असो, त्याच संगणकावर मुलगी अभ्यास करते, मुलगा परीक्षेचा अर्ज भरतो आणि वीजबिलही भरले जाते. वहीतली किंमत आणि उपयोगाची किंमत यांत असा फरक पडतो, आणि दुकानदार आपल्याशी बोलतो तो वहीतल्या किमतीने.

आमच्या वसाहतीतील एका ताईंच्या घरी २०२४ साली घडलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा होता, मुदतीचे दोनच दिवस राहिले होते आणि अर्जाचे पान उघडेना. इंटरनेट चालू, मोबाइलवर सर्व ठीक, संगणकावर मात्र धोक्याची सूचना. जवळच्या एका दुकानात यंत्र नेले, तेव्हा "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या" असे उत्तर मिळाले. मी जाऊन पाहिले तो पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती २०१३ सालातली. कारण क्षुल्लक होते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. वीज बंद असताना संगणकातले घड्याळ त्या सेलवर चालते. काही वर्षांनी तो संपतो आणि यंत्र दर वेळी जुन्या तारखेला जागे होते. सरकारी किंवा बँकेचे पान उघडताना संगणक त्या पानाचे सुरक्षा प्रमाणपत्र तपासतो, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. यंत्राच्या मते साल २०१३ असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो दार लावून घेतो. सेल मिळाला वडापावच्या भावात, बदलावयास पाच मिनिटे लागली. अर्ज त्याच रात्री गेला.

सेल काढण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. सुरुवातीला येणाऱ्या निळ्या किंवा काळ्या पानावरील (त्याला बायॉस म्हणतात) सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. सेल निघाला की ती सेटिंग मूळपदावर जातात, आणि क्वचित त्यामुळे विंडोज सुरू होत नाही. जुना सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. गिळला गेल्यास तो अन्ननलिका जाळतो आणि जीवावर बेतते.

दुसरी तक्रार गरम होण्याची. संगणक अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो, पंखा विमानासारखा आवाज करतो. आपल्याकडची धूळ, खिडकीजवळचे टेबल, शेजारी उदबत्ती, मग दुसरे काय होणार? ज्या पेटीला आपण सर्व "सीपीयू" म्हणतो, ती वायर काढून गॅलरीत न्यावी, बाजूचा पत्रा उघडावा आणि रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. आतल्या भागाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कृत्रिम धाग्याची साडी किंवा स्वेटर घालून हे काम करू नये. धूळ काढूनही भागले नाही, तर प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसून हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावली की पुरे. पोळीला तूप लावल्यासारखी भरपूर लावण्यात काहीच फायदा नाही.

आता मुख्य भागाकडे येऊ. जुना संगणक हळू चालतो ही तक्रार सर्वांत जास्त, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा हार्डडिस्कमध्ये असते. जुन्या हार्डडिस्कमध्ये चकत्या फिरतात, साधारणतः मिनिटाला ७२०० वेळा, आणि त्यांवर एक बारीक सुई मागेपुढे धावून अक्षरे शोधते. हा फिरता, हलता भाग आहे, म्हणजे झिजणार हे उघड आहे. आतून टकटक आवाज येऊ लागला, फाइल उघडताना यंत्र थबकू लागले, तर त्याच दिवशी फोटो, कागदपत्रे, मुलांचे दाखले दुसरीकडे उतरवून घ्यावेत. "रविवारी बघू" म्हणू नये. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम हार्डडिस्कची प्रकृती सांगतो. त्यात पिवळी खूण दिसली तरी सावध व्हावे.

हार्डडिस्कच्या जागी एसएसडी लावता येते. तिच्यात काहीही फिरत नाही, सर्व चिपवर असते. गेल्या वीस वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक घरगुती संगणकांत साटा नावाचा जोड आहे, आणि त्याच वायरीवर अडीच इंची साटा एसएसडी बसते. हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक या आकड्यांत नसून सुईच्या धावपळीत आहे. एसएसडीला शोधत फिरावे लागत नाही, म्हणून तीन-चार मिनिटांनी सुरू होणारे यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहते. एकाच भागावर खर्च करण्याइतके पैसे असतील, तर ते येथे घालावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एसएसडी मरते तेव्हा टकटक करून कळवत नाही, एकदम मान टाकते. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवण्यातून सुटका नाही.

रॅमबाबत थोडक्यात. सुरू करताना पीं-पीं आवाज येत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसून परत बसवावी. हा उपाय प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असतो, सांगत मात्र कोणी नाही. नवी पट्टी घ्यायची तर जुनी सोबत न्यावी. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम घालून उपयोग नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, तेव्हा भावाची चौकशी दोन-तीन ठिकाणी करावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या पट्ट्याही मिळतात. आपल्यासमोर लावून दाखवल्याशिवाय घेऊ नयेत.

बटण दाबल्यावर पंखा किंचित हलून थांबतो, किंवा काहीच होत नाही, तेव्हा संशय एसएमपीएसवर घ्यावा. घरातली वीज संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारा हा डबा. वीज वरखाली होण्याचा मार पहिला त्यालाच बसतो. भाग बदलता येतो, परंतु डबा उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत घरी कोणी पडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार धक्का बसेल इतकी वीज साठून असते. नवा घेताना अगदी स्वस्तातला टाळावा, डब्यावर छापलेले वॅट तो प्रत्यक्ष देईलच असे नाही. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत डब्याचा आकार व जोड निराळा असतो, म्हणून जुना दाखवूनच घ्यावा.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो संगणकाचा दोष समजू नका, घराला अर्थिंग नसल्याची ती खूण असते. चाळीत आणि जुन्या वस्तीत तीन पिनांचे बोर्ड असतात, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. नवा संगणक आणला तरी झिणझिण्या तशाच येतील. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

थांबावे कोठे, हेही ठरवले पाहिजे. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्याशी फुगले असतील, किंवा मदरबोर्ड खरोखरच गेला असेल, तर जुन्या पिढीचा बोर्ड शोधत फिरू नये. बोर्ड बदलला की बहुधा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, आणि तो खर्च नव्याच्या जवळ जातो. तेव्हा चालू एसएसडी, एसएमपीएस, पेटी, मॉनिटर, कीबोर्ड शिल्लक ठेवून उरलेलेच घ्यावे.

भाग शाबूत असूनही यंत्र "जुने" ठरविण्याचा आणखी एक प्रकार आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचे २०१७ पूर्वीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर तिच्या यादीबाहेर आहेत. म्हणजे चांगला चालणारा संगणक केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद! यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा मार्ग आहे. युनिकोड मराठी तिच्यात लिहिता येते, फायरफॉक्स चालतो, पत्र आणि हिशेबासाठी लिबरऑफिस मिळते. ज्यांना टॅलीसारखा विंडोजवरचाच प्रोग्राम लागतो, त्यांनी मात्र आधी विचार करावा.

दुरुस्तीला देताना बदललेला जुना भाग परत मागावा, बिल लेखी घ्यावे, एसएसडीच्या तीन किंवा पाच वर्षांच्या हमीचा कागद जपावा. आत आधार, पॅन, जातप्रमाणपत्र यांच्या प्रती असतील, तर हार्डडिस्क काढून घेऊनच पेटी दुकानात ठेवावी. एसएमपीएस किंवा पंख्याच्या कामाला तिची गरज नसते.

जे खरोखर निकामी झाले ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. दिल्लीच्या सीलमपूरला अशा मालाचा मोठा बाजार आहे. अशा ठिकाणी तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बोर्ड आम्लात बुडविले जातात, आणि तो धूर व ते शिसे ज्यांच्या छातीत जाते ते कष्टकरी आपल्यासारख्याच वस्त्यांत राहणारे असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत केंद्रालाच गेला पाहिजे. अनेक महापालिका तो वेगळा गोळा करतात, वॉर्ड ऑफिसात विचारावे.

कारकुनी सवयीने मी आमच्या पेटीच्या आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवला आहे. कोणता भाग, कोणत्या तारखेला, किती रुपयांना बदलला, हमी केव्हापर्यंत, एवढेच त्यावर लिहितो. दुरुस्तीला येणारा मुलगा आता आधी तो कागद वाचतो आणि मग स्क्रूड्रायव्हर काढतो.