अ‍ॅम्बेसेडर की पद्मिनी: रस्त्यावर नेमकी भारी कोण?

मुंबईची टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आणि कोलकात्याची म्हणजे पिवळी अ‍ॅम्बेसेडर, हे चित्र अनेक दशकं पक्कं होतं. त्याला कारखान्यांचे पत्तेही कारणीभूत होते. पद्मिनी कुर्ल्यात बनायची, अ‍ॅम्बेसेडर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात. पण दोघींच्या स्वभावातही फरक होता. आज यातली एखादी जुनी गाडी घेऊन चालवायचा विचार असेल, तर तो फरक खिशाला जाणवतो.

मूळ दोघींचं परदेशी. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100. 'पद्मिनी' हे नाव 1970 च्या दशकात आलं, तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

आता इंजिन. अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं, पद्मिनीचं 1089 सीसीचं. मग अ‍ॅम्बेसेडर जास्त पळायला हवी ना? तसं होत नसे, कारण तिचं वजन 1100 किलोच्या पुढे आणि पद्मिनीचं 900 किलोच्या आसपास. मोठ्या इंजिनाची जास्तीची ताकद स्वतःचंच अंग ओढण्यात जायची. हलकी पद्मिनी सिग्नलवरून चटकन निघायची, पेट्रोलही कमी प्यायची. थांबत-थांबत चालणाऱ्या मुंबईच्या रहदारीत टॅक्सीवाल्याची कमाई याच दोन गोष्टींवर ठरते. शिवाय ती सुमारे 3.9 मीटर लांब, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरपेक्षा जवळजवळ दीड फूट आखूड. गल्लीत वळवणं आणि पार्किंग दोन्ही सोपं.

1990 च्या दशकात मात्र हिशेब बदलला. अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले. या गाडीपुढे पद्मिनीचा निभाव लागणं कठीणच होतं. डिझेल अ‍ॅम्बेसेडर मात्र संथ, पण इंधनाचा खर्च कमी असल्याने भाड्याच्या गाड्यांत लोकप्रिय.

लांबच्या प्रवासाला अ‍ॅम्बेसेडरच बरी. मागच्या सीटवर तिघं ऐसपैस, डिकी प्रशस्त आणि खडबडीत रस्ता सोसण्याची तयारी. मंत्री-अधिकाऱ्यांची गाडी म्हणून ती उगाच टिकली नाही. पद्मिनीत माणसं मावायची, पण सामान टपावरच्या कॅरिअरवर जायचं.

सुट्या भागांच्या बाबतीतही अ‍ॅम्बेसेडर पुढे आहे. तिचं उत्पादन 2014 पर्यंत सुरू होतं. पद्मिनीचं त्याच्या दशकभराहून अधिक आधी थांबलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

म्हणून शहरात रविवारी फेरफटका मारायला पद्मिनी, कुटुंबासह गावी जायला इसुझू इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर. कुठलीही घेतली तरी व्यवहाराआधी गाडी लिफ्टवर चढवून तळाचा पत्रा गंजलाय का ते पाहावं. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला सांगाडा फार महागात पडतो. आणि नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, हे आरसी बुकात तपासावं.