लोकरीचा व्यापारी, उंटांचा काफिला
स्कॉटलंडमध्ये १८१८ साली जन्मलेले टॉमस एल्डर १८५४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेडला आले. मेहुणे रॉबर्ट बार स्मिथ यांच्यासह १८६३ मध्ये त्यांनी ‘एल्डर, स्मिथ अँड कंपनी’ उभारली. पशुपालकांना कर्ज द्यायचे आणि त्यांची लोकर विकून द्यायची, हा तिचा व्यवसाय. त्याच वर्षी एल्डर वसाहतीच्या विधान परिषदेवर गेले.

तथापि त्यांचा ठसा उमटला तो सभागृहाबाहेर. ओसाड अंतर्भागात पाण्यावाचून घोडे-बैल टिकत नसत. एल्डर यांनी १८६६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीहून, शंभरावर उंट व त्यांचे चालक आणविले. वॉरबर्टन आणि जाइल्स यांच्या १८७०च्या दशकातील वाळवंटी मोहिमा याच उंटांच्या बळावर पार पडल्या.

ॲडलेड विद्यापीठाला उदार देणग्या देणारे एल्डर १८९७ मध्ये निवर्तले. तेथील संगीत विद्यालयाला त्यांचे नाव आहे. उंटवाल्यांना मात्र, कोणी बलुची असो वा सिंधी, सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. पुढे १९०१च्या स्थलांतर कायद्याने त्यांच्या बांधवांना देशाची दारे जवळपास बंद केली. त्यांच्यावरूनच नाव पडले असे मानली जाणारी ‘द घान’ रेल्वे आज त्याच वाळवंटातून धावते.