विहिरीची साक्ष

हेदवीच्या दशभुजा गणेशाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू बामणघळीपाशी हटकून थांबतो. भरतीचे पाणी खडकाच्या अरुंद चिरेत घुसते आणि उसळून आभाळाकडे झेपावते. खडक बाहेरून कितीही अभेद्य भासो, पाणी आपली वाट शोधतेच, हा धडा तेथे डोळ्यांना दिसतो. याच किनाऱ्यावरील जांभ्याच्या पोटात ही क्रिया अहोरात्र चालू असते. ती मात्र कोणालाच दिसत नाही. त्या अदृश्य वाटांनी विहिरीत उतरू शकणाऱ्या पेट्रोल-डिझेलाविषयी आज चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तवसाळ-जयगड फेरीबोटीने गुहागर तालुक्याचा किनारा दक्षिणेशी जोडला गेला आहे. वाहने आली की त्यांच्यामागोमाग पेट्रोलपंप येणारच. त्यास आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे पंपाच्या वरच्या दिव्यांविषयी नसून खाली पुरलेल्या टाक्यांविषयी आहे. टाकीला किंवा तिच्या नळाला सुईएवढे छिद्र पडले आणि दिवसाला दोनच लिटर इंधन झिरपू लागले, तरी वर्षाकाठी 730 लिटर जमिनीत जातात. रोज सकाळी टाकीत मापाची काठी बुडवून साठा पाहिला जातो हे खरे. पण उष्णतेने होणारी घटवाढ आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबात ही दोन लिटरांची तूट सहज लपून जाते.

काळ्या चिकण मातीत हे इंधन सावकाश पुढे सरकेल. जांभा मात्र सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि खालच्या चिकट थराशी पोहोचताच ते झऱ्यांना व विहिरींना देऊन टाकतो. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने त्याचा तवंग भूजलावर तरंगतो. परंतु त्यातील बेंझिन पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर चालू लागते. बेंझिन कर्करोगकारक आहे याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या पेट्रोलात बेंझिन शेकडा एकपर्यंत असू शकते. हिशेब केला तर अशा एका लिटर पेट्रोलातील बेंझिन आठ लाख लिटरांहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते. शिवाय बेंझिनची चव जिभेला जाणवू लागते ती साधारणपणे लिटरला अर्धा मिलिग्रॅम झाल्यावर, म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट! घरच्या गृहिणीने पाणी चाखून निर्वाळा द्यावा, अशी सोय येथे उरत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 7 जानेवारी 2020 रोजी नव्या पंपांसाठी नियमावली काढली आणि शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून पन्नास मीटरांचे अंतर सांगितले; अपरिहार्य असेल तेथे, जादा सुरक्षेसह, किमान तीस मीटर. हे योग्यच झाले. परंतु फीत जमिनीवर धरली जाते. जमिनीखालचे पाणी फीत पाहून थांबत नाही. अमेरिकेने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला तो 1984 साली. त्यानंतर तेथे पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. श्रीमंत राष्ट्राने उशिरा शिकलेला हा धडा आपण तरी वेळेवर गिरवावा.

उपाय अवघड नाही. टाक्यांभोवती किमान तीन निरीक्षण-विंधणी असाव्यात. तीन ठिकाणची पाणीपातळी मोजल्याखेरीज भूजल कोणत्या दिशेला वाहते हे कळत नाही, म्हणून तीन. पंप सुरू होण्यापूर्वीच उताराकडील विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष जपून ठेवावा. एरवी पुढे वाद उद्भवल्यास दोष जुना की नवा याची साक्ष कोण देणार? त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी.

कोणी म्हणेल, गावात पाणी तपासण्याची पेटी आहेच की! आहे, पण ती क्षार, लोह, फ्लोराइड, नायट्रेट यांसारख्या दोषांसाठी आहे, बेंझिनसाठी नव्हे. विहिरीत टाकलेली टीसीएल पावडर जंतू मारते, पेट्रोल नव्हे. पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात रुळलेली आहे. त्याच सर्वेक्षणात इंधनटाकीच्या जवळपास येणाऱ्या विहिरींची वेगळी नोंद का होऊ नये? 1972 पासून भूजलाचे काम पाहणाऱ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे ज्ञान येथे उपयोगी पडेल. खर्च मात्र इंधन विकणाऱ्याने सोसावा. पाणी पिणाऱ्याच्या माथी तो मारणे हा न्याय नव्हे.

आणि आमची शेवटची मागणी अगदी साधी आहे. तपासणीचा निष्कर्ष कचेरीच्या कपाटात न पडता ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत, लागला पाहिजे. कोकणातील विहीर एप्रिल-मे महिन्यांत तळ गाठते. त्या दिवसांत उरलेल्या चार घागरींवरच घर चालते. त्या घागरीत काय आहे हे जाणण्याचा अधिकार ती डोक्यावर वाहून नेणाऱ्या बाईचा आहे, इतरांचा त्यानंतर.