वाळूत झोपणारा पाहुणा

घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी लावली, तेव्हा हौसेनं पिवळाधमक रॅस मासा आणला. पहिल्याच संध्याकाळी तो दिसेनासा झाला. मेला असेल, असं वाटून मी वाळू उकरली. घाबरलेला मासा उसळला, तो थेट टाकीबाहेर! झाकण नव्हतंच. मी उचलेपर्यंत तो गेला होता.

मंडळी, चूक माझीच. हा हॅलिकोएरिस गटातला रॅस. हे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, भ्याले तरी तिथंच दडतात. नव्या घरी तर कधी कधी दोन-चार दिवस वर येत नाहीत. म्हणून तळाशी निदान 2 इंच बारीक वाळू हवी. खडीनं अंग खरचटतं. सगळेच रॅस असे नसतात. फेअरी रॅस खडकाच्या कपारीत, स्वतःभोवती बुळबुळीत कोश करून झोपतो. उड्या मात्र दोघेही मारतात. तेव्हा वर बारीक जाळीचं झाकण हवंच.

पुढं दुसरा रॅस आणला. तोही दडला. मी वाळूला हात लावला नाही. पाचव्या दिवशी टाकीतला दिवा लावला आणि वाळूतून एक पिवळं तोंड हळूच वर आलं.